वाजणाऱ्या वहाणा

आमच्या आजोबांच्या वहाणा पायांपेक्षा हातातच अधिक असत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला राहुरीकडील आमच्या खेड्यातून आम्ही बैलगाडीमागे चालत निघत असू. सप्टेंबरचा पाऊस आणि वाटेतील काळी, चिकट माती यांमुळे सगळेच पायताण हातात घेत. कातड्याची वहाण भिजली की लिबलिबीत होते आणि वाळली की आकसून पायाला चावते. त्यामुळे आजोबांचे ते करणे आम्हांस शहाणपणाचेच वाटे. परंतु भर वैशाखातही चावडी जवळ आली की ते खाली वाकत व वहाणा उचलून घेत, हे कोडे मात्र आम्हांस फार उशिरा उलगडले.

त्या वहाणा कशा होत, हे सांगावयास हवे; कारण तशा करणारा आता आमच्या गावी कोणी उरलेला नाही. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम गावाने आमच्या पूर्वजांच्या गळ्यात बांधले होते. त्याचे कातडे ढोर समाजातील कारागिराकडे जाई. चुन्याच्या कुंडात भिजवून तो केस खरवडून काढी आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात ते मुरत ठेवी. कातड्याचीच पिशवी शिवून, तीत हे पाणी भरून ती टांगून ठेवण्याचीही रीत होती. खाली पाझरलेले पाणी पुन्हा वर ओतायचे. ह्या कामात घाई केली की कातडे आतून कच्चे राही.

तेथून ते चांभाराच्या ओट्यावर येई. शाळा सुटली की आम्ही तेथे रेंगाळत असू. कलबूत नावाची वस्तू त्या म्हाताऱ्याकडे नव्हती. गिऱ्हाइकाला कातड्यावर उभे करून तो कोळशाने पावलाभोवती रेघ ओढी व रापीने तळ कापी. म्हशीचे जाड कातडे ओले करून दगडावर ठोकठोक ठोकी, टाचेला थर चढवी, वर अंगठा, पट्टा आणि दोन्ही बाजूंचे कान बसवी. आरीने भोक पाडून त्यातून चामड्याचीच वादी ओढायची. खिळा कोठेही नाही. शेवटी वहाणेला तेल पाजायचे. "चावली तर आठ दिवस सोसा, मग तीच पाय सोडायची नाही," असे तो सांगे.

एक गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. ज्याला गाव शिवत नसे, तो हा म्हातारादेखील उरलेले पैसे आमच्या हातावर ठेवीत नसे. ते ओट्याच्या कडेला ठेवी आणि आम्ही उचलून घेत असू.

आम्ही शिक्षक झालो तेव्हा आजोबांनी त्याच्याकडून आमच्यासाठी एक जोड करून घेतला. तो पावलागणिक करकर वाजे. शाळेच्या व्हरांड्यात मुले तोंड दाबून हसू लागली, तेव्हा आम्ही तो जोड खाटेखाली टाकला आणि बाजारातून बूट आणले. दोन पावसाळ्यांत त्याला बुरशी चढली, पट्टा उंदरांनी खाल्ला. आजोबा एका शब्दानेही काही बोलले नाहीत.

ते गेल्यानंतर आमच्या आत्याने सांगितले. त्यांच्या तरुणपणी आमच्या वस्तीतील माणसाने पायात वहाणा घालून चावडीवरून जाणे हा गुन्हा होता. एकदा त्यांनी त्यासाठी मार खाल्ला होता. १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली, पण त्यांच्या कंबरेची वाकण्याची सवय गेली नाही. आमचा जोड सांगताना त्यांनी चांभाराला बजावले होते, "चावडीवरच्यांना ऐकू गेला पाहिजे." ज्याला आम्ही दोष समजलो, त्याचे त्यांनी चार आणे जास्त मोजले होते.

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा ह्या कंपनीने कोल्हापुरी घाटाच्या वहाणा मिरविल्या आणि मोठा गहजब झाला. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. त्यात महाराष्ट्राचे व कर्नाटकाचे चार-चार जिल्हे येतात. आमचा जिल्हा त्यांत नाही आणि आमच्या म्हाताऱ्याच्या जाडजूड वहाणा त्या घाटाच्या नव्हत्याही.

गेल्या वर्षी कोल्हापुरास गेलो असता आम्ही एका दुकानात शिरलो. मालकाने एक जोड पुढे ठेवला व मोठ्या विश्वासाने म्हणाला, "गुरुजी, घ्या, अजिबात वाजणार नाही."

आम्ही वाजणारा मागितला.