बदलापूर ते उल्हासनगर : एका आवाजाच्या शोधांत

घरांत एखादी नवी वस्तु आणावयाची म्हटली कीं, एकत्र कुटुंबांत जितकीं तोंडें तितकीं मतें निघावयाचीं, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नसेल. आमच्या बदलापूरच्या घरीं गेल्या महिन्यांत वाद माजला तो संगणकाच्या टेबलावर ठेवावयाच्या स्पीकरांवरून. मुलांना खिडक्यांचीं तावदानें हादरविणारे स्पीकर हवे होते. वहिनींचें म्हणणें एवढेंच कीं, ते स्वस्त असावे व धूळ पुसावयास सोपे असावे. पुतणी गाणें शिकते. तिला तंबोऱ्याचा खर्ज स्वच्छ ऐकूं यावयास पाहिजे होता. तीर्थरूप मात्र कांहींच बोलत नव्हते. आणि खरें पाहतां हा सारा खटाटोप त्यांच्याचसाठीं चालला होता.

त्याचें कारण असें. आमच्या मातोश्रींना जाऊन आतां अकरा वर्षें झालीं. दिवाळीच्या साफसफाईंत त्यांच्या आवाजांतील ओव्यांची व अभंगांची एक जुनी कॅसेट कपाटाच्या तळाशीं सांपडली. पुतण्यानें ती मोठ्या खटपटीनें संगणकावर उतरवून घेतली, आणि एके दिवशीं संध्याकाळीं आम्ही सर्व मंडळी भोवतीं जमलों. पडद्याच्या मागल्या अंगास बसविलेल्या दोन चिमुकल्या स्पीकरांतून गाणें सुरू झालें. तीर्थरूपांनीं दोन मिनिटें ऐकलें आणि "शब्द तिचे आहेत, पण ही ती नव्हे," असें म्हणून ते उठून गेले.

मग पुतण्यानें एका दुकानांतून रंगीबेरंगी दिव्यांचा एक जंगी संच आणला. खोक्यावर हजारो वॉटचा आंकडा होता. त्यांतून धडधड इतकी होऊं लागली कीं, शेजाऱ्यांनीं चौकशी केली. तीर्थरूप म्हणाले, "मघां पातळ झाली होती, आतां रांजणांत बसून गाते आहे." तेव्हां मात्र आम्हीं ठरविलें कीं, यापुढें खोका वाचून नव्हे, तर कानांनीं ऐकूनच काय तें घ्यावयाचें. त्या ओव्या खिशांतल्या फोनवर घेतल्या, पुतणीस बरोबर घेतलें आणि कचेऱ्यांच्या वेळेची गर्दी ओसरल्यावर उल्हासनगरची लोकल गांठली. पाऊण तासाच्याही आंतल्या त्या प्रवासाला वहिनींनीं दशम्या बांधून दिल्याच.

वाटेंत अंबरनाथ लागतें. तेथें उतरून देवदर्शन केल्यावांचून पुढें जावयाचें नाहीं, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. स्टेशनापासून पूर्वेस रिक्षानें थोडक्या वेळांत वालधुनी नदीच्या कांठचें शिवमंदिर येतें. नदीची आजची दशा पाहवत नाहीं. मंदिरापुढें मात्र पाय आपोआप थबकतात. येथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा. शिलाहार राजा छित्तराज यानें आरंभिलेलें हें काम त्याचा भाऊ मुम्मुणि याच्या कारकीर्दींत पुरें झालें, असें मानतात. सभामंडपांतून गाभाऱ्यांत जावयाचें तर सुमारें वीस पायऱ्या खालीं उतराव्या लागतात. आणि वर पाहावें तों शिखराच्या जागीं आभाळ दिसतें.

सभामंडपांत कोणी नाहींसें पाहून पुतणीनें हलकेच षड्ज लावला. तिचा तो कोंवळा आवाज चोहोंकडच्या दगडांवरून परतून असा कांहीं भरून आला कीं, तिचें तिलाच आश्चर्य वाटलें. बाहेर झाडाखालीं येऊन तिनें तोच स्वर पुन्हां लावला. तो जणूं ओठांवरच विरून गेला. गळा तोच, स्वर तोच. बदलली होती ती जागा. कठीण दगड आवाज परत फेंकतो. मोकळें रान तो गिळून टाकतें. आमच्या खोलीचें काय असावें, हा विचार त्या वेळीं प्रथमच आमच्या मनांत आला.

अंबरनाथच्या पुढचेंच स्टेशन उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी पडली होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांना तिच्याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें शहराची कोनशिला बसली आणि आमच्या बदलापुरावरून वाहत येणाऱ्या उल्हास नदीचें नांव त्याला लाभलें. छावणी जाऊन शहर झालें, पण पत्ता अजून 'कॅम्प नंबर' सांगूनच सांगतात. ज्यांच्याजवळ अंगावरच्या वस्त्रांखेरीज फारसें कांहीं उरलें नव्हतें, त्यांनीं पापडापासून लांकूडसामानापर्यंत काय विकावयाचें ठेवलें? तरीहि लोकांच्या तोंडीं आहे तो एक विनोदच : येथील मालावरचें 'यू. एस. ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'! आम्हींहि तो अनेकदां सांगितला आहे. म्हणून बाजारांत शिरतांना आमचा एक हात खिशावर होता.

तीन दुकानें पाहून झालीं. तिन्ही ठिकाणीं आंकडेच ऐकावयास मिळाले. चवथ्या दुकानांत एक वृद्ध सिंधी गृहस्थ बसले होते. त्यांनीं पहिलाच प्रश्न केला तो, "ऐकणार काय?" हा. ओव्यांची हकीकत कळतांच त्यांनीं नोकराकरवीं पांच जोड्या मांडविल्या व मोडक्यातोडक्या पण गोड मराठींत आम्हांला जो पाठ दिला, तो आमच्या वाचकांच्याहि उपयोगी पडेल.

'पी. एम. पी. ओ.' या अक्षरांपुढें लिहिलेले हजारांचे आंकडे वाचूंच नयेत, 'आर. एम. एस.' वॉट किती तें विचारावें. दोन हातांवर बसून ऐकणाऱ्यास १० ते २० वॉट रगड होतात. स्पीकरांतील मूळ युक्ति शंभर वर्षांची आहे. अमेरिकेंत राइस व केलॉग या दोघांनीं १९२५ सालीं ती सिद्ध केली. चुंबकापुढें तारेचें वेटोळें थरथरतें आणि त्याला जोडलेला शंकु हवा ढकलतो. शंकु जितका लहान, तितकी खालच्या स्वरांना लागणारी हवा त्याला ढकलवत नाहीं. आमच्या पुतणीचा षड्ज काळी चारचा, म्हणजे सेकंदास सुमारें २०८ कंपनांचा. तिच्या तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, १०४ चा. पडद्यांत दडविलेला रुपयाएवढा स्पीकर तेथवर पोंचत नाहीं. म्हणून मातोश्रींचा आवाज पातळ झाला. उलट त्या जंगी संचांतला वेगळा वूफर खालचा प्रत्येक स्वर एकाच घुमाऱ्यांत बुडवीत होता. म्हणून रांजण झाला. माणसाच्या आवाजासाठीं तीन-चार इंची शंकु, वरच्या स्वरांसाठीं निराळी लहान चकती आणि जाड, न थरथरणारी पेटी, अशी साधी जोडी बरी. तारेनें जोडतां येत असेल तर ब्लूटूथच्या मागें लागूं नये. त्यांत आवाज किंचित् मागाहून येतो आणि गाण्याच्या शिकवणींत तेवढ्यानेंहि ताल चुकतो.

परीक्षा कशी करावी, तेंहि त्यांनींच दाखविलें. कांहींहि वाजत नसतां कान लावून गुरगुर येते का, तें पाहिलें. दोन जोड्या ताडतांना दोहोंचा आवाज सारखा करून घेतला; कारण जी मोठ्यानें वाजते तीच कानाला चांगली वाटते आणि विक्रेता येथेंच डाव साधतो, हें त्यांनीं हंसत हंसत सांगितलें. मग आवाज अगदीं लहान करून तंबोऱ्याच्या चारी तारा निरनिराळ्या कळतात का, तें पुतणीनें पाहिलें. शेवटीं ओव्या. पांचांपैकीं दोन जोड्यांत 'स' आणि 'श' सुईसारखे टोंचूं लागले व जुन्या कॅसेटची खरखर पुढें आली. एकींत आवाज कोंदला. चवथी बरी होती. पांचवींत मात्र कांहींच जाणवेना, केवळ गाणें ऐकूं येऊं लागलें.

ती ओवी संपल्यावर त्या गृहस्थांनीं विचारलें, "पुन्हां एकदां लावूं?" दुसऱ्या वेळीं ते मान खालीं घालून ऐकत होते. त्यांच्या आईहि सिंधी लाडा सुरेख गात असत. परंतु त्या काळीं आवाज धरून ठेवणार कोण, एवढेंच ते म्हणाले. किंमत साडेचार हजार रुपये झाली. घासाघीस करण्याचें आम्हांला सुचलें नाहीं, आणि खिशावरचा हात केव्हां निघाला तेंहि कळलें नाहीं.

घरीं येऊन स्पीकर प्रथम कोपऱ्यांतील फळीवर ठेवले, तों पुन्हां रांजण! अंबरनाथचे दगड आठवले. दोन भिंतींच्या सांध्यांत खालचे स्वर दुणावतात. मग ते टेबलावर, भिंतीपासून वीतभर पुढें ओढले. खालीं मासिकांचे जुने बांधीव खंड देऊन कानाच्या उंचीवर आणले. आणि दोन स्पीकर व तीर्थरूपांची खुर्ची यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण साधला. समोरच्या उघड्या भिंतीवर वहिनींनीं होऊन सतरंजी टांगली.

तीर्थरूप येऊन बसले. पहिली ओवी झाली. ते बोलले नाहींत. दुसऱ्या ओवीच्या मध्यें त्यांनीं हात वर केला. आम्हांला वाटलें, आतां उठणार. पण ते हळूच म्हणाले, "झोपाळ्याची कडी करकरते आहे. तेल घालीन घालीन म्हणत माझ्याकडून राहूनच गेलें."

आम्हीं कान दिला. खरोखरच ओवीच्या मागें, संथ लयींत, कडी करकरत होती. मातोश्री झोपाळ्यावर बसून गात होत्या, हें आम्ही साफ विसरून गेलों होतों.

ओव्या संपेतों ते उठले नाहींत. उठतांना एवढेंच म्हणाले, "उद्यां दिवेलागणीला पुन्हां लावा." त्या दिवसापासून आमच्या घरीं तो नेम झाला आहे, आणि मुलांचे ढोलताशेहि त्याच जोडीवर, बेताच्या आवाजांत, सुखानें चालले आहेत.