दोन किलो कमी

परवा शनिवारी रात्री रिलीज होतं. बिल्ड चालू, मी रिकामा, कानात हेडफोन. अशा वेळी मी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लावतो. त्यातलं फार कळतं अशातला भाग नाही, पण काम करताना शब्द न कळलेले बरे पडतात. या वेळी मात्र अर्थ शोधून वाचला आणि तिथेच अडकलो.

मोरिस राव्हेल. हो, तोच, 'बोलेरो'वाला. त्याची 'त्र्वा शांसों', म्हणजे 'तीन गाणी'. वाद्य एकही नाही, नुसते माणसांचे आवाज. आपल्या भजनात मागचे सगळे एकाच चालीत म्हणतात. इथे बायकांचे दोन गट, पुरुषांचे दोन, प्रत्येकाची चाल वेगळी आणि तरी मिळून गाणं एकच. तिन्ही मिळून जेमतेम सात मिनिटं. शब्दही त्याचेच.

पहिल्यात निकोलेत नावाची मुलगी फुलं वेचायला जाते. लांडग्याला बघून पळते, देखण्या पोराला नाही म्हणते आणि शेवटी कुरूप, म्हाताऱ्या, श्रीमंत सरदाराच्या मिठीत धावत जाते! तिसऱ्यात म्हातारे-म्हाताऱ्या पोरांना बजावतात, रानात जाऊ नका, भुतं आहेत. मग भुतांची यादी, ती पण अशा स्पीडने की गाणाऱ्यांची जीभ वळते कशी कोण जाणे.

मधलं गाणं मात्र वेगळं. एका मुलीचा माणूस लढाईवर गेलाय. स्वर्गातले तीन पक्षी येतात, निळा, पांढरा आणि लाल. फ्रान्सच्या झेंड्याचे रंग. पहिला त्याची नजर आणतो, दुसरा चुंबन, तिसरा लालभडक काळीज. ती काय ते समजते. बस, एवढंच.

हे 1914-15 च्या हिवाळ्यातलं. पहिलं महायुद्ध पेटलेलं, राव्हेल 39 वर्षांचा. त्याला भरती व्हायचं होतं, पण वजन दोन किलो कमी भरलं म्हणून नाकारला. पुढे 1916 मध्ये व्हर्दंजवळ त्याने लष्करी ट्रक चालवला. पण ही गाणी लिहिताना तो मागे राहिलेलाच होता.

मीही एकदा फौजेसाठी प्रयत्न केला होता. डोळ्यांच्या नंबरावर सुटलो. धाकटा भाऊ मात्र गेला. गेल्या महिन्यात नऊ दिवस त्याचा फोन नव्हता. आई रोज विचारायची, "तुझ्या त्या कॉम्प्युटरवर काही कळत नाही का रे?" सर्व्हर पडला तर मला दोन मिनिटांत अलर्ट येतो. भावाचा येत नाही. दहाव्या दिवशी फोन आला, "दादा, रेंज नव्हती रे. आईला सांग." आईला सांगितलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

बिल्ड पास झालं. मी मधलं गाणं पुन्हा लावलं. त्यात शत्रूला एक शिवी नाही की विजयाचा जयजयकार नाही. मागे राहिलेल्यांकडे तेवढंच असतं, वाट बघणं.

असो. पुढच्या रविवारी आईला ऐकवीन म्हणतो. अर्थ मात्र नाही सांगणार.