शिलेदाराचा घोडा

कंपनीने दिलेला लॅपटॉप घरी आणल्यावर त्याने सगळ्यात आधी तो उलटा करून पाहिला. तळाशी पांढरी पट्टी, तिच्यावर बारकोड आणि खाली एक क्रमांक. हे यंत्र कुणाच्या मालकीचं, ते कळावं म्हणून लावलेली. शेजारी त्याचा स्वतःचा जुना लॅपटॉप पडला होता. त्याच्या कळांवरची ‘ई’ आणि ‘एस’ ही अक्षरं झिजून पुसली गेलेली, डावी बिजागरी एम-सील लावून घट्ट बसवलेली. अकरा वर्षांत असे चार लॅपटॉप त्याने स्वतःच्या पैशाने घेतले. त्यातला दुसरा २०१७च्या पावसाळ्यात ऐन कामात गेला. दुरुस्तीवाल्याने पाठीमागचे स्क्रू काढून आत पाहिलं आणि मान हलवली, ‘मदरबोर्ड गेला, दादा.’ त्या संध्याकाळी त्याने मित्राकडून उसने पैसे घेतले आणि नवा आणला. काम चार दिवस लांबलं, म्हणून पार्टीने बिलातून रक्कम कापली ती वेगळीच.

स्वतःचं साधन घेऊन दुसऱ्याचं काम करण्याच्या या स्थितीला आपल्याकडे फार जुना शब्द आहे. मराठ्यांच्या घोडदळात स्वार दोन प्रकारचे असत. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसून सरकारी पगारावर लढे तो बारगीर. शिलेदाराचा घोडा मेला, की दुसरा उभा करण्याची विवंचना त्याची. बारगिराच्या घोड्याचं दाणापाणी पागा, म्हणजे सरकारी तबेला बघे. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमारास जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद. म्हणजे घोड्याला पाणी कोण पाजणार आणि त्याचा नाल कोण बसवणार, हे बारगिराने कधी बघायचं नव्हतं.

इंग्रजीतला ‘फ्रीलान्स’ हाही मुळात लढाईचाच शब्द. वॉल्टर स्कॉटच्या १८१९मधल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत तो भाला घेऊन भाड्याने लढणाऱ्या योद्ध्यांसाठी येतो. पण त्या भालाईतापेक्षा शिलेदार जास्त नेमका वाटतो, कारण त्यात घोडा आहे. वेबसाइट करणाऱ्या मुक्त कारागिराचा सगळा संसार त्या घोड्यावर असतो: लॅपटॉप, त्याचा इन्व्हर्टर, दोन कंपन्यांचं इंटरनेट (एक बंद पडलं तर दुसरं), होस्टिंगचं वर्षाचं भाडं, आणि स्वतःची पाठ.

तो मूळ कोल्हापूरकडचा. इंजिनियरिंग करून २०१३मध्ये पुण्यात राहिला आणि नोकरी न शोधता थेट कामं घ्यायला लागला. तेव्हा परदेशातली कामं मिळवण्याचे मोठे बाजार दोन, ईलान्स आणि ओडेस्क. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी एकत्र येण्याचं जाहीर केलं आणि २०१५मध्ये त्याचं ‘अपवर्क’ झालं. पुढे त्या बाजाराने नव्या क्लायंटच्या पहिल्या ५०० डॉलरांवर २० टक्के दलाली लावली, तेव्हा त्याने तिथून काढता पाय घेतला आणि गावाकडची, ओळखीची कामं धरली. इचलकरंजीचा यंत्रमागाचे सुटे भाग विकणारा दुकानदार, एक मंगल कार्यालय, दोन होमिओपॅथ, एक वधू-वर सूचक मंडळ, देवगडचा एक आंबा बागायतदार. बहुतेक सगळ्या साइट वर्डप्रेसवर. २००३मध्ये ब्लॉग लिहिण्यासाठी निघालेली ही प्रणाली आज जगातल्या दर पाचातली दोन संकेतस्थळं चालवते आणि भारतातल्या तालुक्या-तालुक्यांतल्या पोरांच्या घरची चूल त्यावर पेटते.

त्याला जमत होतं. हे आधी स्पष्ट सांगायला हवं, कारण जो नोकरीकडे वळतो त्याला धंदा जमला नाही, असं लोक गृहीत धरतात. आपली भाषासुद्धा तसंच बोलते. पोराला पहिली नोकरी मिळाली की ती ‘लागते’, पेढे वाटले जातात. धंदा सोडून कुणी नोकरीत गेला, की तो नोकरी ‘धरतो’. ‘शेवटी नोकरीच धरलीस?’ असं त्याला तीन जणांनी विचारलं. त्या ‘शेवटी’मध्ये आणि त्या ‘च’मध्ये फार काही भरलेलं असतं. वर्तमानपत्रं आजही नेत्याच्या विश्वासू माणसाला ‘शिलेदार’ म्हणतात, ‘बारगीर’ कुणालाच म्हणत नाहीत. मान सगळा शिलेदाराकडे गेला. प्रत्यक्षात शिवाजी महाराजांचा भर मात्र पागेवर होता, हे आपण सोयीने विसरतो.

कामाचे तास त्याने एकदा महिनाभर वहीत मांडून पाहिले. कोड लिहिण्यात निम्म्याहून कमी वेळ गेला होता. उरलेला कोटेशन, फोन, ‘छोटासा चेंज आहे’ म्हणून आलेले मोठे बदल, आणि पैशाचा पाठपुरावा. या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबायला हवं. २००६चा लघुउद्योगांचा कायदा नोंदणीकृत छोट्या उद्योजकाच्या बाजूने आहे. मालाचे किंवा सेवेचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. त्याच्याकडे ‘उद्यम’ नोंदणी होती. पण एका पार्टीने सात महिने बाकी ठेवली, तेव्हा तक्रार दाखल करायला त्याचा हात धजावला नाही, कारण त्या पार्टीच्या ओळखीतून आणखी चार कामं आलेली. आज करतो, उद्या करतो, साहेब बाहेरगावी आहेत. शेवटी निम्मे पैसे आले, उरलेल्यांचा त्याने नाद सोडला. कायदा हातात असूनही वापरता येत नाही, ही एकट्या माणसाची खरी दुबळी बाजू. पैसे बुडाल्यापेक्षा तिचं दुःख मोठं.

मग घर. त्या काळच्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ४४एडीए त्याच्यासारख्यांना सोयीचं होतं. वर्षभराच्या जमेतला निम्मा भाग उत्पन्न धरायचा, त्यावर कर भरायचा, हिशेबाच्या वह्या ठेवण्याची दगदग नाही. वर्षानुवर्षं त्याने तसंच केलं. गृहकर्जासाठी बँकेत गेला तेव्हा अधिकाऱ्याने तीन वर्षांची रिटर्न पुढे ओढली आणि त्यातल्या त्या निम्म्या आकड्यावरच कर्जाची कुवत काढली. रिटर्न सरळ होती, अधिकारीही सरळ होता. शेजारच्या खुर्चीत बसलेला तिशीतला मुलगा मात्र तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा देऊन दुप्पट रकमेचा अर्ज भरत होता.

तरीही त्याने नोकरी घेतली ती यांपैकी कशामुळेच नाही, असं तो सांगतो, आणि ते खरं वाटतं.

२०२४च्या जूनमध्ये एका मित्राच्या आग्रहाखातर त्याने हिंजवडीतल्या एका मध्यम कंपनीत मुलाखत दिली. समोर त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान मुलगी बसली होती. तिने त्याचा जुना प्रोजेक्ट पडद्यावर उघडला, खाली सरकवत एका फंक्शनपाशी थांबली आणि विचारलं, ‘सर, हे असं का लिहिलंत?’ तो बोलायला लागला. का लिहिलं, आधी कसं होतं, कुठे अडलं, काय दुसरं करून पाहिलं. चाळीस मिनिटं गेली. बाहेर पडून पार्किंगमध्ये येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं, की अकरा वर्षांत हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता. क्लायंट पडदा पाहतो. बटण निळं आहे की हिरवं, लोगो मोठा दिसतो की नाही. पडद्यामागे त्याने काय बांधलं, चांगलं की वाईट, हे पाहणारं माणूस त्याच्या आयुष्यात नव्हतं. गवयाला साथीदार असतात, लेखकाला संपादक असतो, सुतारालासुद्धा दुसरा सुतार सांधा पाहून काहीतरी बोलतो. तो मात्र दार लावून एकटाच वाजवत बसला होता.

ऑगस्टमध्ये तो रुजू झाला. पहिल्यांदा पाठवलेल्या कोडवर एकतीस शेरे आले. त्यातले दोन त्याला लागले, बाकीचे बहुतेक नुसत्या सवयीच्या फरकाचे होते. एका शेऱ्याने मात्र तो चरकला. ऑर्डरची वेळ त्याने भारतीय घड्याळाप्रमाणे जशीच्या तशी साठवली होती. कंपनीचे ग्राहक तीन खंडांत. डेटाबेसमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत ठेवायची आणि दाखवताना ज्याच्या त्याच्या घड्याळात बदलायची, हा नियम. भारतीय वेळ त्याहून साडेपाच तास पुढे. म्हणजे इथे पहाटे तीनला आलेली ऑर्डर यूटीसीत आदल्या दिवसाच्या रात्री साडेनऊची, आणि दोन्ही वेळा एकाच रकान्यात मिसळल्या तर दिवसाचा हिशेबच चुकतो. अकरा वर्षं तो चुकीचंच करत आला होता. चूक कधी दिसली नाही, कारण इचलकरंजी, देवगड आणि पुणे, सगळीकडे घड्याळ एकच.

त्या शेऱ्याखाली त्याने ‘धन्यवाद, दुरुस्त केलं’ एवढंच लिहिलं. पण रात्री बायकोला सांगताना त्याचा आवाज वेगळा लागला. कुणीतरी आपलं काम इतकं जवळून वाचलं, याचा आनंद चुकीच्या ओशाळेपणापेक्षा मोठा होता. पागेत पंचवीस जण असतात, ते का, ते त्याला त्या दिवशी उमगलं. नालबंद आणि पखाली ही सोय झाली. शेजारच्या घोड्यावरून कुणीतरी आपली बैठक पाहतं, हा खरा लाभ.

जे गेलं तेही खोटं नाही. त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला बसले आणि गौरीपूजन आलं बुधवारी, ११ तारखेला. अकरा वर्षं तो गौरी-गणपतीला गावी असायचा, लॅपटॉप माजघरात उघडून मधे मधे काम करायचा. आता नोकरीला महिना झालेला, प्रोबेशन चालू, बुधवारी एक महत्त्वाची मीटिंग. आईने फोनवर गौरी दाखवल्या, पुरणपोळीचं ताट दाखवलं आणि म्हणाली, ‘असू दे रे, पुढच्या वर्षी.’ त्याने कॅमेरा बंद करून मीटिंगमध्ये उत्तरं दिली. स्वतःच्या वेळेचा मालक असणं म्हणजे काय, ते त्या दुपारी त्याला कळलं, आणि त्यावर पगाराचा उतारा चालत नाही.

महिन्याअखेर पहिली सॅलरी स्लिप आली. भविष्यनिर्वाह निधीला मूळ पगारातून १२ टक्के कपात, तेवढाच वाटा कंपनीचा. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा बारा आकडी क्रमांक मिळाला. विम्याच्या कार्डावर आईवडिलांची नावं होती. वडिलांना मधुमेह. बाहेरून त्यांच्यासाठी पॉलिसी काढायला तो दोन वर्षं खटपट करत होता. इथे एका फॉर्मवर जन्मतारीख भरावी लागली, बस्स.

नियुक्तिपत्रात एक कलम होतं: नोकरीत असताना बाहेरचं काम घ्यायचं नाही. २०२२मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी लपून काम करणारे ३०० कर्मचारी काढले, तेव्हापासून बऱ्याच कंपन्या यावर बारीक लक्ष ठेवतात. म्हणून रुजू होण्याआधी त्याला आपल्या एकोणीस पार्ट्या कुणाच्या तरी हाती सोपवायच्या होत्या. त्याच्याकडे एक जाड वही होती. प्रत्येक साइटचं एक पान: डोमेन कधी संपतं, होस्टिंग कुणाकडे, मालकाचा नंबर, मुलाचा नंबर, आणि खाली पेन्सिलीने बारीक नोंदी. ‘फोन सकाळी ११ नंतर.’ ‘बिल बायकोच्या नावे.’ ‘एप्रिलमध्ये साइटला हात लावू नये.’ ही शेवटची नोंद देवगडच्या पानावर. तीन जणांना विचारून शेवटी गावाकडच्याच एका होतकरू मुलाला त्याने वही दिली. नुसत्या पासवर्डची यादी देता आली असती, पण त्या पेन्सिलीच्या नोंदी तिच्यात आल्या नसत्या. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर दोघे तीन तास बसले आणि एकेक पान वाचत गेले.

पुढच्या एप्रिलमध्ये, रात्री नऊच्या सुमाराला, बागायतदाराचा फोन आला. सत्तरीतला माणूस, नवा नंबर त्याने साठवलाच नव्हता.

‘झिला, साईट उघडणा नाय रे. काय ता बघ मरे. पेट्ये भरून ठेवलेसत.’

त्याने फोनवरच साइट उघडून पाहिली. ब्राउझर सांगत होता, हे ठिकाण सुरक्षित नाही. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सुरक्षा-प्रमाणपत्र तेव्हा ९० दिवसांचं असायचं, ते आपोआप नवं व्हायला हवं होतं आणि झालं नव्हतं. दहा मिनिटांचं काम. जुना लॅपटॉप कपाटात होता आणि पासवर्ड त्याला अजून पाठ होता. तो उठून कपाटापर्यंत गेलाही. मग तिथेच थांबला आणि म्हणाला, ‘काका, मी आता नोकरीत आहे. तुमचं काम आता दुसरा मुलगा बघतो, गेल्या वर्षी बोलायला दिला होता ना, तो.’

पलीकडे जरा शांतता.

‘नोकरीत? पगार येळार गावता मा?’

‘हो, वेळेवर मिळतो.’

‘मगे बरा झाला. त्या पोराचो नंबर दी.’

त्याने एकेक आकडा सावकाश सांगितला. काकांनी तो कुठेतरी कागदावर लिहून घेतला आणि चुकू नये म्हणून परत वाचून दाखवला.