वाढत्या अंगाचा व्होल्टेज

तुमच्या अंगात ताप भरला की आई आधी कपाळावर हात ठेवते आणि मग थर्मामीटर शोधायला लागते. कॉम्प्युटरला ताप चढला तर? त्याचं एक बरं आहे. त्याचा थर्मामीटर त्याच्या पोटातच असतो. प्रोसेसर नावाची जी मुख्य चिप असते, तिच्यातच तापमान मोजणारे संवेदक असतात. एचडब्ल्यूइन्फोसारखा एखादा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकला की आकडे समोर दिसतात. पण बघतो कोण? कॉम्प्युटर बंद पडला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गेला वाटतं!"

माझी ताई अकोल्याला असते. ती लग्नाचे व्हिडिओ जोडून देते. फोटोग्राफर कच्चं चित्रण आणून देतात, ताई कापाकापी करून, गाणी घालून त्याची फिल्म करते. घराचा निम्मा खर्च त्यावर चालतो. आता हे काम जोरात कधी? लग्नसराईत. आणि अकोल्याचा मे महिना म्हणजे पारा ४४-४५ अंशांना टेकलेला! नेमका तेव्हाच तिचा कॉम्प्युटर रुसला. फिल्म तयार करायला लावली की अर्ध्या तासात पडदा काळा. दुरुस्तीवाल्याने पाहिलं न पाहिलं केलं आणि निकाल दिला, "बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदला. बावीस हजार." ताईकडे तेवढे पैसे होते, पण ते भाचीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेले. चार दिवसांवर एका फिल्मचा वायदा होता. भाचीचा फोन आला, "मामा, तू ये."

मी आयुष्यभर पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत काम केलेला माणूस. रात्रीच्या गाडीने निघालो.

पोचल्यावर भाचीने एकच गोष्ट सांगितली, पण ती लाखमोलाची होती. "मामा, हा सकाळी कधीच बंद पडत नाही. दुपारीच पडतो." शाबास! बिघडलेला बोर्ड घड्याळ बघून बंद पडत नाही. हा उन्हाचा प्रताप होता.

इथे एक साधा हिशेब आहे. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा हीटसिंक असतो आणि त्यावर पंखा. हा पंखा थंडी निर्माण करत नाही, तो फक्त खोलीतली हवा पात्यांवरून फिरवतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. काम तेच असेल, तर खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक जवळजवळ तेवढाच राहतो. डिसेंबरात खोली २५ अंशांवर आणि प्रोसेसर ७३ वर असेल, तर फरक ४८ चा. खोली ४० अंशांवर गेली की प्रोसेसर ८८ वर! त्यात धूळ बसली की फरक आणखी वाढतो. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचल्यावर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान चढतच राहिलं तर स्वतःला वाचवण्यासाठी मशीनच बंद करतो. म्हणजे ताईचा कॉम्प्युटर मेला नव्हता, जीव वाचवत होता.

प्लग काढून आम्ही झाकण उघडलं. बाप रे! अकोला म्हणजे कापसाचा मुलूख. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू यांची चक्क गादी भरलेली. चित्रकलेच्या कोरड्या ब्रशने ती काढली. साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, गरगर फिरू द्यायचा नाही. मग हीटसिंक काढला. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली बारीक फट भरून काढायला एक पेस्ट लावतात, ती वाळून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि नवी, मटारच्या दाण्यापेक्षा लहान, मधोमध ठेवली. लोणी लावल्यासारखी थापायची नाही! शेवटी कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढलं. तिथे बिचारा स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होता. खोलीतला पाण्याचा कूलर त्याच्यावर रोखावा असं भाचीच्या मनात होतं, पण ती ओलसर हवा आहे, म्हणून मी नको म्हटलं.

दुपारी खोलीत ४० अंश असताना फिल्म लावली. प्रोसेसर ८८ वर थांबला. बंद पडला नाही. ताईने सुटकेचा श्वास सोडला. पण मला ८८ पसंत नव्हते. बाहेर आणखी चढलं तर?

आता आली व्होल्टेजची गोष्ट. प्रोसेसरमध्ये अब्जावधी अतिसूक्ष्म स्विच असतात. दर वेळी स्विच बदलताना थोडा विद्युतभार भरला जातो, रिकामा होतो आणि त्यातून उष्णता निघते. ही उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या पटीत! व्होल्टेज दहा टक्के कमी केला तर ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१. जवळजवळ एकोणीस टक्के उष्णता गायब, आणि वेग तसाच. इंजिनीअरांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९९३ सालचा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चालायचा आणि चांगलाच तापायचा. १९९४ मध्ये आलेले पुढचे पेंटियम ३.३ व्होल्टवर आणले गेले.

"मग कंपनीच कमी व्होल्टेज का देत नाही?" भाचीने विचारलं.

तुमचा शाळेचा गणवेश आठवा. आई तो वाढत्या अंगाचा घेते ना? सगळ्या चिप एकसारख्या निघत नाहीत. एखादीला जास्त व्होल्टेज लागतो, एखादीला कमी. म्हणून कंपनी प्रत्येकीला थोडा सैलच गणवेश देते. बोर्ड 'ऑटो' वर असला की हाच सैल व्होल्टेज मिळतो. आमच्या चिपला पूर्ण कामात १.३० व्होल्ट मिळत होता. तिला खरंच किती लागतो, ते मोजून बघायचं होतं.

बायोसमध्ये 'ऑफसेट' नावाची सोय असते (काही बोर्डांवर ती बंद ठेवलेली असते). आम्ही एका वेळी ०.०२५ व्होल्ट उतरवत गेलो. दर पायरीवर अर्धा तास कठीण गणितं सोडवायला लावायची आणि भाचीने वहीत लिहायचं. १.२५, ठीक. १.२०, ठीक. १.१७५ वर वीस मिनिटांनी चाचणीत चूक निघाली. १.१५ वर पडदा निळा! व्होल्टेज कमी पडला म्हणून चिप जळत नाही, ती फक्त गोंधळते. मशीन सुरूच झालं नसतं, तर प्लग काढून बोर्डावरची बटणासारखी बॅटरी थोडा वेळ काढली की बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात.

"मामा, १.१७५ वर वीस मिनिटं चाललं की! तेच ठेवू." भाची हट्टाला पेटली. मी म्हटलं, "अगं, लोकांच्या लग्नाची फिल्म आहे. अक्षता पडतानाच कॉम्प्युटर गोंधळला तर?" १.२० ठरला, आणि त्यावर रात्रभर चाचणी. सकाळी सहाला ती उठून आधी पडद्यापाशी धावली. एकही चूक नव्हती.

उलट दिशा मात्र धोक्याची आहे, हे मुद्दाम सांगतो. वेगाच्या हौसेपायी व्होल्टेज वाढवणारे खूप असतात. पण जादा व्होल्टेजने चिप आतून हळूहळू झिजते. जुलै २०२४ मध्ये इंटेलने स्वतःच जाहीर केलं, की तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना त्यांच्यातल्याच एका सूचनेच्या दोषामुळे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होता आणि त्यामुळे ते अस्थिर होत होते. ऑगस्टपासून बायोसमधून दुरुस्ती दिली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण ज्या चिप झिजल्या होत्या, त्या दुरुस्तीने बऱ्या होणाऱ्या नव्हत्या. त्या बदलाव्याच लागल्या. तेव्हा बायोसमध्ये बोट घालायचं ते घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून, आणि आकडा खालीच न्यायचा. पॉवर सप्लायचा डबा तर कधीच उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात झटका देण्याइतका भार उरतो.

त्या दुपारी भाचीने वहीत दोन ओळी लिहिल्या. आधी: ८० वॅट, ८८ अंश. नंतर: ६७ वॅट, ८० अंश. वर्गाच्या हिशेबाने ६८ वॅट यायला हवे होते. एक जादा का वाचला, हे तिने लगेच विचारलं. चिप थंड असली की तिच्यातून झिरपून वाया जाणारी वीजही कमी होते, म्हणून. फिल्म तयार व्हायला लागलेला वेळ दोन्ही वेळा सारखाच, एक्केचाळीस मिनिटं.

फिल्म वायद्याच्या आदल्या संध्याकाळीच गेली. ताईने बावीस हजारांचं पाकीट पुन्हा कपाटात ठेवलं आणि विचारलं, "तेरा वॅट वाचले म्हणतोस, तर वीजबिल किती कमी येईल रे?"

भाचीने तोंडीच हिशेब केला. रोज चार तास काम, तीस दिवस. "महिन्याला दीड युनिट, आई."

"एवढंच?" ताई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.