पेटीतला मुका सूर

तुम्ही कधी अंबाजोगाईला आला आहात का? बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगररांगेतलं हे गाव. योगेश्वरीचं देऊळ आणि आद्यकवी मुकुंदराजांची समाधी पाहायला इथं लांबून लोक येतात. पण आज मी तुम्हांला तिथून पुढं, परळीच्या वाटेवरच्या एका लहान गावात नेणार आहे. माझी शाळा आहे ना तिथं!

गावच्या मारुतीच्या देवळात एकादशीला भजन असतं. टाळ, मृदंग आणि एक जुनी पेटी. गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या एकादशीला पेटीची एक पट्टी मुकी झाली. दाबली की नुसती हवा फुसफुसायची. माझ्या चौथीतला एक मुलगा नेहमी पेटीला खेटून बसायचा. त्याचा चेहरा पडला. "बाई, सूर मेला का हो?" आठवड्याभरात तो आईबापांबरोबर ऊसतोडीला निघणार होता.

पेटीवाल्या आजोबांनी पेटी उघडली. आत पितळी पट्ट्यांची रांग! यांना रीड म्हणतात. प्रत्येक रीडचं एक टोक पक्कं बसवलेलं, दुसरं मोकळं, आणि खाली तिच्याच मापाची फट. डावीकडं खर्जातल्या लांब रीड, उजवीकडं आखूड. आजोबांनी नखानं एक रीड छेडली. जेमतेम 'टिण्' झालं!

मग पेटीचा एवढा मोठा आवाज कुठून येतो? भात्यातली हवा फटीतून जाऊ लागली की रीड थरथरते. फट उघडते, मिटते आणि हवेचे तुकडे पडतात. पांढरी एकचा सूर लागतो तेव्हा असे सेकंदाला सुमारे २६१ तुकडे पडतात. तेच आपल्याला सूर म्हणून ऐकू येतात. म्हणजे मुख्य आवाज हवेचा, रीड नुसती दार उघडणारी!

मुक्या रीडखाली धुळीचा कण अडकला होता. आजोबांनी कागदाची पातळ पट्टी हळूच फिरवली आणि सूर बोलला!

इतक्यात वीज गेली. परळीचं औष्णिक वीजकेंद्र एवढं जवळ, तरी अंधार! भजन मात्र थांबलं नाही. पोरगं म्हणालं, "बाई, विजेवर वाजणारी पेटी असती का?"

असते बरं का! अमेरिकेत १९३०च्या दशकात एव्हरेट कंपनीनं 'ऑर्गट्रॉन' नावाचा बाजा काढला. पुढं वुर्लिट्झर कंपनीनं तसे बाजे बनवले. त्यातही रीड हवेनंच थरथरायची, पण तिचा आवाज पेटीत कोंडून ठेवत. रीडजवळ, तिला न टेकेल असा, धातूचा स्क्रू असे. दोघांमध्ये विजेचा दाब ठेवलेला. रीड स्क्रूच्या जवळ-लांब झाली की त्यांची वीज साठवण्याची क्षमता कमी-जास्त होई आणि विजेच्या बारीक लहरी उठत. त्या लहरी वाढवून कर्ण्यातून आवाज काढत. स्क्रूची जागा बदलली की एकाच रीडचा आवाज निराळा येई. पण वीज गेली की सगळा बाजा मुका!

पोरगं ऊसतोडीला गेलं. उन्हाळ्यात परत आलं, तेव्हा दप्तर आणायच्या आधी देवळात पळालं. ती पट्टी दाबून पाहिली आणि मग मला म्हणालं, "बाई, सूर हाय की!"

तुमच्या गावच्या पेटीत काय आहे? मोठ्यांना विचारून एकदा उघडून पाहा.