हंसांच्या माहेरीं

हिवाळाभर दख्खनच्या तळ्यांवर मुक्काम करून उन्हें तापूं लागतांच दिसेनासा होणारा पट्टकादंब हंस कोठें जातो, तें एकदां आपल्या डोळ्यांनीं पाहावें, ही हौस पुष्कळ वर्षें मनांत होती. आषाढाच्या सुमारास ती फळास आली. मंगोलियांतील तेर्खीन त्सगान सरोवरावर हंसांना गळपट्टे घालण्याचें काम सुरू व्हावयाचें होतें. त्यांत हातभार लावण्यासाठीं आम्ही चौघे उलानबातारहून मोटारीनें पश्चिमेस निघालों.

शहर मागें पडलें कीं कुंपण म्हणून दृष्टीस पडत नाहीं. गवत, आभाळ, आणि मध्येंच एखादा वाटोळा पांढरा तंबू. विजेच्या खांबांवर मोठाले शिकारी पक्षी ऐटीनें बसलेले. पण याच खांबांवर धक्का बसून त्यांच्यापैकीं कितीएक मरतात हें ठाऊक असल्यामुळें ती ऐट निर्वेध मनानें पाहवत नाहीं. राजस्थानांतील खीचनला हजारोंनीं उतरणारे करकोचे येथें जोडीजोडीनें माळावर हिंडत होते. ओगी सरोवराच्या कांठीं चक्रवाकांचें एक जोडपें पिलांची पलटण हांकीत चाललें होतें. आपल्या काव्यांत रात्रभर विरहानें विव्हळणारें तें हेंच काय, असें मनांत येऊन मला हसूं आलें. मैदानी मुलखांतल्या कवींना तें हिवाळ्यांतच भेटायचें. त्याचा संसार इकडे किंवा लडाख-तिबेटांत! मुलें पदरीं असलेल्या चक्रवाकीला रडण्यास सवड कोठली?

तेर्खीन त्सगान हें सरोवर खोर्गो ज्वालामुखीच्या लाव्हारसानें नदी अडून झालें. हिमालय ओलांडतांना ज्याची उंची यंत्रानें ७२९० मीटर नोंदली गेली, तो हंस येथें पिसें झडल्यामुळें कांहीं आठवडे मुळींच उडूं शकत नाहीं. नेमक्या त्याच वेळीं लहान होड्यांनीं हांकून त्याला जाळ्यांत घ्यावयाचा. दुबळेपणाचा हा फायदा घेणें मला प्रशस्त वाटेना. परंतु २००५ सालीं चीनमधील चिंगहाई सरोवरावर पक्षिज्वरानें हजारों पक्षी मेले, त्यांत या हंसांचाच भरणा अधिक होता. तेव्हां ते कोणकोणत्या पाण्यावर उतरतात हें कळलेंच पाहिजे, असें बरोबरची मंडळी म्हणत. आणि तेंही खोटें नव्हतें.

पहिला हंस माझ्या हातांत आला तेव्हां त्याचें काळीज माझ्या तळहाताखालीं इतकें धडधडत होतें कीं मीं पकड सैल केली. शेजारचे वृद्ध मंगोल गृहस्थ दुभाष्यामार्फत रागावून म्हणाले, “कींव करून सैल धराल, तर तो पंख मोडून घेईल. घट्ट धरा आणि लवकर आटपा.”

मीं घट्ट धरला. गळपट्टा बसला, वजन झालें. सोडतांच तो मान ताणून पाण्याकडे धांवला व ओरडणाऱ्या थव्यांत मिसळला. मी त्याला शोधीत उभा होतों, तोंच कोणीं तरी दुसरा हंस माझ्या हातांत दिला.