सिंह रंगमंचावर आणताना

१८ डिसेंबर १९५९ रोजी लेखक सी. एस. लुईस यांनी बीबीसीचे नभोवाणी निर्माते लान्स सिव्हकिंग यांना पत्र लिहिलं. मुलांसाठी लिहिलेल्या आपल्या नार्नियाच्या गोष्टी रेडिओवरून सांगायला लुईस यांची हरकत नव्हती. दूरचित्रवाणीला मात्र त्यांनी ठाम नकार दिला. बोलणारे प्राणी डोळ्यांपुढे प्रत्यक्ष उभे राहिले की एकतर विदूषक वाटतात नाहीतर भयंकर, असं त्यांचं मत होतं. कार्टूनपट एकवेळ चालेल, पण सिंहाचं सोंग घेतलेला माणूस त्या गोष्टींतला सिंह, अस्लान, म्हणून वावरू लागला तर ती आपल्या लेखी ईश्वरनिंदा होईल, असं त्यांनी बजावलं.

त्यांच्या मृत्यूनंतर ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ या नार्नियाच्या पुस्तकाची असंख्य नाट्यरूपं झाली, संगीत नाटकंही झाली. अमेरिकेत जूल्स टास्का, थॉमस टिअर्नी आणि टेड ड्रॅकमन यांचं ‘नार्निया’ हे संगीत नाटक शाळा आणि चर्चमधून होतं. इंग्लंडात रॉयल शेक्सपिअर कंपनीने १९९८ मध्ये एड्रियन मिचेल यांची संहिता आणि शॉन डेव्ही यांचं संगीत घेऊन हीच गोष्ट मोठ्या रंगमंचावर आणली. तरी ज्याला हे नाटक बसवायचंय त्याने आधी ते पत्र समजून घ्यावं, कारण त्यातली भीती खरी आहे. ख्रिस्ती आशयाची मुलांची संगीतिका फसते ती बहुतेक वेळा श्रद्धा कमी पडली म्हणून नाही, तर रंगमंचावर जे घडायला हवं ते गाण्यात सांगून टाकलं म्हणून.

गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. महायुद्धाच्या काळात लंडनहून खेड्यातल्या एका प्राध्यापकाच्या घरी पाठवलेली चार भावंडं: पीटर, सुझन, एडमंड आणि ल्यूसी. कोटांनी भरलेलं कपाट. त्याच्या आत बर्फाचा देश, नार्निया. तिथे पांढऱ्या चेटकिणीचं राज्य आहे, कायमचा हिवाळा आहे आणि नाताळ कधी येत नाही. एडमंड मिठाईच्या लोभाने आपल्या भावंडांचा घात करतो. त्याच्या अपराधाबद्दल अस्लान नावाचा सिंह स्वतःचा जीव देतो आणि पहाटे पुन्हा जिवंत होतो. बायबलच्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात ख्रिस्ताला यहूदा वंशाचा सिंह म्हटलं आहे, हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. ज्याला माहीत नाही त्या मुलालाही नाटक पूर्ण कळलं पाहिजे. लुईस यांनी १९५६ मध्ये लिहून ठेवलंय की त्यांनी उपदेश ठरवून गोष्ट रचली नाही. आधी चित्रं दिसली: छत्री धरलेला फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड), घसरगाडीवरची राणी, एक भव्य सिंह. दिग्दर्शकानेही याच क्रमाने जावं. आधी चित्र खरं करावं.

पहिलं चित्र कपाटाचं. हौशी प्रयोगांत कपाट येतं, ल्यूसी आत जाते, ब्लॅकआउट होतो, दिवे लागतात तेव्हा झाडं उभी असतात. यात जादू काही नाही, फक्त नेपथ्यबदल आहे. खरी गंमत कोट आणि फांद्या यांच्यामधल्या क्षणात आहे. मागून उघडणारं कपाट घ्यावं आणि आतल्या दांडीवर खरेखुरे, जड लोकरी कोट टांगावेत. दांडी थेट विंगेपर्यंत न्यावी आणि पुढच्या कोटांच्या बाह्यांतून हिरव्या फांद्या बाहेर काढाव्यात. ल्यूसी हाताने चाचपडत पुढे सरकते, प्रकाश पिवळ्याकडून निळ्याकडे जातो, आणि संगीत त्या चालण्याच्या लयीतच राहतं. इथे गाणं नको. मूल चाचपडत असताना प्रेक्षागृहातली मुलंही तिच्याबरोबर चाचपडतात. गाणं सुरू झालं की ती फक्त ऐकायला लागतात.

एडमंडच्या मोहाचा प्रवेश आजच्या मुलांसाठी विशेष काळजीने बसवायला हवा. चेटकीण त्याला टर्किश डिलाइट देते, आणि एका मिठाईसाठी कोणी भावंडांना विकेल हे आज कुणाला पटत नाही. पुस्तक १९५० मध्ये आलं तेव्हाच्या ब्रिटिश वाचकांना ते लगेच पटलं असणार. तिथे मिठाईचं रेशनिंग १९४२ मध्ये सुरू झालं होतं आणि मध्ये काही महिने उठवलं तरी पूर्णपणे संपलं ते फेब्रुवारी १९५३ मध्ये. म्हणून नाटकाची सुरुवात स्टेशनवर करावी. गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या, हातात गॅसमास्कची खोकी, कुणाकडे अर्धा बिस्किटाचा तुकडा आणि त्याकडे पाहणारी बाकीची मुलं. १ सप्टेंबर १९३९ पासूनच्या तीन दिवसांत ब्रिटनमध्ये सुमारे १५ लाख लोकांना, त्यात मुख्यतः मुलं आणि त्यांच्या आयांना, शहरांतून हलवण्यात आलं होतं. लुईस यांच्या ऑक्सफर्डजवळच्या घरीही अशी मुलं राहायला आली होती. समूहगीत घ्यायचं तर इथे घ्यावं, कारण गर्दी इथे आहे आणि आईपासून तुटण्याचं दुःखही. ती भूक एकदा दिसली की पुढे एडमंडचा लोभ समजावून द्यावा लागत नाही, आणि प्रेक्षक त्याच्यावर दात खात बसत नाहीत.

चेटकिणीच्या बाबतीत मराठी बालरंगभूमीवर वाढलेल्या दिग्दर्शकाला एक सवय बाजूला ठेवावी लागेल. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण मुलांना घाबरवता घाबरवता हसवायची, आणि त्या नाटकात ते अगदी योग्य होतं. नार्नियाची चेटकीण हसवत नाही. ती गोड बोलते, गरम पेय देते, एडमंडच्या अंगावर आपला झगा पांघरते. ती प्रेमळ वाटली तरच तिची थंडी अंगावर येते.

आता सिंह. त्याचे तीन मार्ग आजवर दिसले आहेत. माणसाला सिंहाचा पोशाख घालणं हा सर्वांत जुना आणि सर्वांत धोक्याचा. दुसरा मार्ग बाहुल्याचा. २०१२ मध्ये लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधल्या तंबूत झालेल्या प्रयोगात प्रचंड बाहुला आणि डेव्हिड सुशे यांचा आवाज होता. तिसरा मार्ग दोन्ही एकत्र करण्याचा. सॅली कुकसन यांनी २०१७ मध्ये लीड्सला बसवलेल्या प्रयोगात बाहुला होता आणि त्याच्यासोबत माणूसही. माझ्या मते शाळेसाठीही हाच मार्ग चांगला. तीन मुलं मिळून सिंह चालवतात, त्यांचे चेहरे झाकायचे नाहीत, आणि आवाज मोठ्या माणसाचा. तालमीत चालणं शिकवण्याआधी श्वास शिकवावा. तिघांनी एकाच वेळी श्वास घेतला, मान किंचित उचलली, पोट हललं, की कापड आणि वेताचा सांगाडा जिवंत होतो. ‘वॉर हॉर्स’च्या घोड्यांनी २००७ पासून हे जगाला दाखवलं आहे. शिवाय अस्लान मरतो तेव्हा तिघंही एकाच क्षणी हात सोडतात. मघापर्यंत जो श्वास घेत होता तो आता वस्तू झाला आहे, हे सहा वर्षांच्या मुलालाही दिसतं.

दगडी मेजावरचा तो प्रवेश नाटकाचा गाभा आहे. चेटकिणीची टोळी सिंहाला बांधते, त्याची आयाळ कापते, त्याची टिंगल करते. सुझन आणि ल्यूसी झुडपाआडून पाहतात, जशा शुभवर्तमानात स्त्रिया क्रुसापाशी थांबतात आणि पहाटे कबरीकडे जातात. टोळीला ठेका हवा, ओरडा हवा, ढोल हवा. सुरी खाली आली की सगळं बंद करावं. मोठमोठी विलापगीतं मी या जागी ऐकली आहेत आणि दर वेळी मुलांचं लक्ष सिंहावरून गाणाऱ्या मुलीकडे गेलं आहे. त्यानंतर येतात उंदीर, जे सिंहाचे दोर कुरतडतात. हे काम शाळेतल्या सर्वांत लहान वर्गाला द्यावं. बहुतेक ठिकाणी लहानांना कोपऱ्यातली फुलं-पाखरं करून बसवतात. इथे नाटकातलं सर्वांत हळवं काम त्यांच्या हाती येतं. मग सूर्य उगवतो, मेज दुभंगतं. तिथे पहिला सूर लागावा, तोही एकाच वाद्याचा.

आणखी एक जागा संगीतकाराला फार खुणावते. सुटून आलेल्या एडमंडशी अस्लान एकांतात बोलतो, आणि ते काय बोलले हे लुईस सांगतच नाहीत. रूपांतरकाराला तिथे क्षमेचं गाणं घालावंसं वाटतं. घालू नये. दोघांना मागे, सायक्लोरामासमोर चालवावं. पुढे भावंडं वाट पाहतात. एडमंड परत येतो तेव्हा त्याला कोणी काही विचारत नाही.

गाण्याला हक्काची जागा आहे ती बर्फ वितळताना. फादर ख्रिसमस गोष्टीत नको, असा सल्ला लुईस यांना त्यांचे मित्र रॉजर लॅन्सेलिन ग्रीन यांनी दिला होता. रंगमंचावर मात्र हा प्रवेश अनमोल आहे. कित्येक वर्षं अडलेला नाताळ येतो, भेटवस्तू वाटल्या जातात, झरे वाहू लागतात, आणि कुणालाही उपदेश न करता सगळी मुलं आनंदाने गाऊ शकतात. चाल मात्र त्यांच्या गळ्याला झेपेल अशी हवी. मधल्या सप्तकाच्या आसपास, आठ-नऊ सुरांत बसणारी, एकाच स्वरात किंवा मागोमाग उचलता येणारी. पीटर तेरा-चौदा वर्षांचा असेल तर त्याचा आवाज फुटतोय हे धरून त्याची चाल खाली ठेवावी.

संदेश उघडपणे, समूहाने गाऊनही नाटक उभं राहतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचं ‘नोआज फ्लड’. चेस्टरच्या मध्ययुगीन धर्मनाट्यावरची ही नोहाच्या तारवाची कथा १८ जून १९५८ रोजी सफकमधल्या ऑर्फर्डच्या चर्चमध्ये पहिल्यांदा झाली. नोहा, त्याची बायको आणि देवाचा आवाज एवढीच माणसं मोठी. बाकी प्राणी आणि वाद्यवृंदातली बहुतेक वाद्यं मुलांची. व्हायोलिनचे गट शिकण्याच्या पायरीनुसार केलेले, नवशिक्यांसाठी नुसत्या मोकळ्या तारा. पावसाच्या पहिल्या थेंबांसाठी दोरीला चहाचे मग टांगून लाकडी चमच्याने वाजवले होते. वादळ शिगेला पोचतं तेव्हा वाद्यवृंद-संचालक वळतो आणि सगळे प्रेक्षक उभे राहून खलाशांचं प्रार्थनागीत गातात. सफकच्या याच किनाऱ्यावर ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्र आत घुसला होता. इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली, ब्रिटन यांच्या ऑल्डबरामधल्या घरातही पाणी शिरलं. पाच वर्षांनी त्या गीताचा अर्थ तिथल्या कुणाला सांगावा लागला नसेल. इथे गाणं कथेवर चिकटवलेलं नाही. पुरात सापडलेली माणसंच ते गात आहेत.

मराठीत हे करायचं तर रस्ता आता बराच मोकळा आहे. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. लुईस २२ नोव्हेंबर १९६३ रोजी गेले, म्हणजे भारतात त्यांच्या मूळ मजकुरावरचा हक्क ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपला. पॉलिन बेन्स यांची चित्रं, इतरांची नाट्यरूपं आणि त्यांची गाणी मात्र अजून संरक्षित आहेत, आणि नावांच्या ट्रेडमार्कचा प्रश्न वकिलाकडून तपासून घ्यावा. वसईच्या चर्चमधून दर नाताळात मुलं येशूजन्माची नाटुकली करतात. गाणारे गळे, शिवणारे हात आणि प्रेक्षक तिथे तयार आहेत. संहिता थेट पुस्तकावरून नव्याने लिहावी, चाली स्वतःच्या बांधाव्यात. तालमीला नोव्हेंबर पुरणार नाही. सिंह चालवणाऱ्या तीन मुलांनी गणपती उठले की श्वासाला लागावं.